चार रंगांचा नकाशा

गिरणी बंद झाली आणि आमच्या खोलीचं दार भरदिवसा बंद राहू लागलं. परळच्या चाळीत दिवसा दार लावणं म्हणजे आत काहीतरी बिनसलंय. एक तर कुणी आजारी असतं, नाहीतर नवरा-बायको तोंडं फिरवून बसलेले असतात. आमच्याकडे आत आबा भाकऱ्या थापत असत.

आबा म्हणजे माझे वडील. कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजून निघतो ते खातं. संध्याकाळ झाली की सगळ्यांच्याच वडिलांच्या भुवया पांढऱ्या होतात, असं मला लहानपणी वाटायचं. साचे खात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, पगार बरा, पण आजोबांच्या काळी आमच्या लोकांना साच्यावर घेत नसत. मागाच्या धोट्यातली सुताची कांडी बदलली की नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आमच्या तोंडचा धागा बाकीच्यांना चालत नसे. आबांच्या वेळेला असं उघड कुणी म्हणत नव्हतं, तरी आबा राहिले कार्डिंगलाच. गिरणी गेली तशा भुवया काळ्या झाल्या, खोकला मात्र गेला नाही. प्रभादेवीच्या एका छापखान्यात गठ्ठे उचलायला लागले होते. एक दिवस तिथल्या जिन्यात धाप लागून बसले, ते पुन्हा गेले नाहीत.

मग आई हॉस्पिटलात आया म्हणून लागली. तिच्या पाळ्या बदलत्या, त्यामुळे चूल आबांकडे आली. गिरणीत आयुष्य काढलेल्या माणसाने पीठ मळायचं, म्हणून दार लावायचं. शेजारच्या मावशी तरी मुद्दाम कडी वाजवत.

"काय वो, दार लावून काय पक्वान्नं चाललीत?"

आबा पिठाचे हात पाठीमागे घेऊन म्हणायचे, "पोरगी अभ्यास करते. आवाज नको म्हणून."

मी खरोखरच अभ्यास करत असायचे, फक्त तिथे नाही. चाळींच्या मधल्या विहारात संध्याकाळची वंदना झाली की हॉलमध्ये सतरंज्या पडत आणि आम्ही पोरं दप्तरं घेऊन बसत असू. कुणाची दहावी, कुणाची बारावी, कुणाची तीच दहावी पुन्हा. दहावी मी तिथे केली, बारावी तिथे केली, आणि बी.ए.सुद्धा तिथेच केलं. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सांगते ते काही मोठेपणा म्हणून नाही. म्हणजे, आहे थोडा मोठेपणा. असू दे.

बी.ए.नंतर ग्रंथालयशास्त्र घेतलं, कारण त्यात नोकरी लागते असं एका सीनियरने सांगितलं. नोकरी लागली. दादरच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत मी पुस्तकं देण्या-घेण्याच्या काउंटरवर बसू लागले. तिथे संशोधकांचे पेपर शोधून द्यायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. प्राध्यापक येऊन विचारत, "या विषयावर काय काय लिहून झालंय ते बघून द्या ना." मी बघून देत असे. आणि बघता बघता लक्षात आलं की आमच्या भागावर, म्हणजे गिरण्यांवर, चाळींवर, परळ-लालबागवर, लोकांनी खूप लिहिलंय. इथल्यापेक्षा बाहेरच्यांनीच जास्त. मी ज्या जिन्यात सागरगोटे खेळले त्याच्यावर कुणीतरी परदेशात पेपर लिहिला होता. मला त्याची गंमतही वाटली आणि थोडा रागही आला.

पीएच.डी.चा विषय तिथे सापडला. गिरणगावावर आजवर जे संशोधन छापून आलं, त्याचा कल कसा बदलत गेला, हे चित्र काढून दाखवायचं. प्रत्येक पेपरला लेखक काही मुख्य शब्द जोडून देतो, कीवर्ड. संप, कामगार, श्वसनविकार, चाळ, पुनर्विकास, असे. सॉफ्टवेअर प्रत्येक शब्दाचा एक गोल काढतं. शब्द जितक्या पेपरांत आला तितका गोल मोठा. दोन शब्द एकाच पेपरात आले की त्यांच्यात रेघ. वारंवार एकत्र आले की गोल एकमेकांजवळ सरकतात. चाळीत ज्या दोन घरांत वाटीभर साखरेची ये-जा असते ती घरं जवळची, भिंत कुणाची कुणाला का लागेना. तसंच हे. हजार पेपर वाचून जे ध्यानात येणार नाही ते कधीकधी अशा चित्रात एका नजरेत दिसतं.

शेजारच्या मावशींनी आईला विचारलं, "पोरगी कशात डॉक्टर होणार?"

आई म्हणाली, "ठिपक्यांत."

"त्वचेची?"

"नाय वो. कागदावरच्या."

आई हे सांगताना हसली नाही. माझा विषय तिने तिच्या परीने अगदी नीट सांगितला होता.

मधे आबांचं दुखणं वाढलं. दोनदा ॲडमिट केलं, माझं काम मागे पडलं, मुदतवाढ घ्यावी लागली. ती मुदतवाढ शेवटची होती. माझ्या गाईड बाईंनी मला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "हा प्रगती अहवाल समितीने मंजूर केला तर थिसिस लिहायला लाग. नाही केला तर तुझं रजिस्ट्रेशन जाईल, आणि मला काहीही करता येणार नाही." बाई एरवी फार बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी हे दोनदा सांगितलं.

मी जीव ओतून नकाशा केला. सॉफ्टवेअर आपले आपण रंग देतं, कुठेही जांभळा, कुठेही पिवळा. ते मला पटेना. पेपर वाचून वाचून मी स्वतःच ठरवलं होतं की कुठलं लिखाण कुणाबद्दल आहे. संप आणि युनियनचं होतं त्याला लाल दिला. कोकणातून आलेली मराठी माणसं, त्यांची मंडळं, त्यांचं राजकारण, त्याला भगवा. माझगाव-मदनपुऱ्याकडचे मुसलमान विणकर आणि शिवणकामवाले, त्यांना हिरवा. आणि आमच्या लोकांवरचं जे होतं ते निळं. मुंबईत कुणाला समजावून सांगावं लागणार नाही, असं मनात म्हटलं. रंग बघितला की माणूस ओळखेल. मला ती माझी हुशारी वाटली होती.

समितीत एक संख्याशास्त्राचे सर होते, वयाने मोठे, बोलायला तिखट. पडद्यावर नकाशा आला, त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"बाई, हा संशोधनाचा नकाशा आहे का वॉर्डाचा निकाल?"

सगळे हसले. मीही हसले, कारण हसण्यावारी नेलं की पुढे जाता येतं, हे मला ठाऊक आहे. पण सर पुढे जाऊ देईनात.

"निळा बरोबर मधोमध कसा आला?"

"जागा मी ठरवलेली नाही, सर. ती सॉफ्टवेअर ठरवतं. ज्या शब्दांच्या रेघा चहूकडे जातात ते मधे येतात."

"आणि रंग?"

"रंग मी दिले."

"कशावरून?"

"पेपर वाचून."

"म्हणजे डेटा मशीनचा आणि निकाल तुमचा," सर म्हणाले. कुणी हसलं नाही. कागदावर त्यांनी काहीतरी लिहिलं. गाईड बाई मधे पडल्या म्हणून नामंजूर झालं नाही. सुधारणा करून पुढच्या महिन्यात पुन्हा या, असं ठरलं. पुन्हा म्हणजे शेवटचं.

कॉलेजपासून परळपर्यंत मी चालत आले. मनात एकच चाललं होतं: निळा कोपऱ्यात असता तर विचारलं असतं का त्यांनी? आजही मला वाटतं, विचारलं नसतं. पण ते वेगळं, आणि माझी चूक वेगळी. तेव्हा मला या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नव्हत्या.

घरी आबांनी तो रंगीत प्रिंट मांडीवर घेतला आणि बराच वेळ बघितला.

"निळा मोठा हाय गो."

"हो, आबा."

"मग नापास का केलं?"

"नापास नाही केलं. रंग बदला म्हणाले."

"बदलू नको," आबा म्हणाले. "साच्याला घेतला नाय, आता कागदावरनं पण काढतात का?"

आई डबा घासत होती. तिथूनच म्हणाली, "तुमचं काय जातंय सांगायला? रजिस्ट्रेशन तिचं जाणार."

"मी काय जा म्हणतोय काय? रंग ठेव म्हणतोय."

"रंगावर डिग्री मिळत नाय."

दोघांचं बराच वेळ चाललं. मी मधे बसून भाकरी खाल्ली. दोघंही बरोबर बोलत होते आणि त्यातून मला काहीच मिळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाईड बाईंकडे गेले ती भांडायच्या तयारीनेच. म्हटलं, "बाई, रंग काढला तर लोक म्हणणार, हिने आपल्याच लोकांना पुसलं."

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "रंग काढ असं मी म्हणतच नाही. रंगाला काम दे. आत्ता तुझा रंग काय सांगतो? कोण कुणाचा ते. ते तुला नकाशा काढायच्या आधीच माहीत होतं. मग नकाशा कशाला काढलास?"

मी भांडण तिथेच सोडलं. कुणी असं सरळ विचारलं की मला राग येत नाही.

मी चारही रंग काढले. त्याच्या जागी एकच करडा ठेवला आणि त्याला काळ सांगायचं काम दिलं. जो शब्द मुख्यतः जुन्या पेपरांत येतो तो फिका, जो अलीकडच्या पेपरांत येतो तो गडद. गोल जिथल्या तिथे. एकही जागा हलवली नाही.

लायब्ररीत, काउंटरवरची गर्दी ओसरल्यावर तो नकाशा उघडला. आधी दिसलं ते अपेक्षित होतं. डावीकडे धूळ, फुप्फुस, संप, मजुरी, सगळं फिकं पडलेलं. उजवीकडे जमीन, मॉल, टॉवर, पुनर्विकास, सगळं काळंभोर. संशोधन माणसांकडून जमिनीकडे सरकलं होतं. हे आमच्या चाळीत कुणीही चहा पिता पिता सांगेल.

मग मधे बघितलं. माझा मोठा निळा गोल तिथेच होता, आता बाकीच्यांसारखाच करडा. त्याच्या खाली, फिक्याच्या आणि काळ्याच्या मधे, लहान लहान गोलांची एक पट्टी होती. सगळे गोल मध्यम करडे. महिला कामगार, खानावळ, घरकाम, शिवणकाम, दलित स्त्रिया, रुग्णसेवा. एकही मोठा नाही, पण सगळे एकमेकांना चिकटलेले, आणि बहुतेक एकाच काळातले. गिरण्या बंद पडल्यानंतरचे.

हे गोल पहिल्या नकाशात याच जागेवर होते. सॉफ्टवेअरने त्यांना पहिल्यापासून शेजारी बसवलं होतं. पण महिला कामगारला मी लाल दिला होता, कारण ते पेपर संपाचे. खानावळ भगवी, कारण बाई कोकणातली. शिवणकाम हिरवं. दलित स्त्रिया निळ्या. नवऱ्याच्या गिरणीला टाळं लागल्यावर घराबाहेर कामाला पडलेल्या या सगळ्या बाया, आणि मी त्यांना चार झेंड्यांखाली वाटून टाकलं होतं. डोळा रंगावर जायचा, शेजार दिसायचाच नाही.

मी खुर्चीवरून उठले आणि लायब्ररीत उगाच एक चक्कर मारून आले.

बाईंना दाखवलं तर त्यांनी लगेच विचारलं, "हे आहे, की तुला दिसतंय?" पुन्हा नकाशाच्या प्रेमात पडू नये म्हणून. मग मी त्या पट्टीतला एकेक पेपर काढून वाचला. आरोग्याच्या जर्नलमधला वेगळा, कामगारांच्या जर्नलमधला वेगळा, शहररचनेचा वेगळा. लेखक एकमेकांचा उल्लेखही करत नव्हते. ज्याने खानावळींवर लिहिलं त्याला शिवणकामवाल्यांवर कुणी लिहिलंय याचा पत्ता नव्हता. त्यांचा विषय एकच आहे, हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांत मोठा गोल काढून बघितला, पट्टी टिकली. जुने पेपर वगळून बघितलं, तरी टिकली. तेव्हा कुठे माझा विश्वास बसला.

आबांचं बोलणं मात्र डोक्यातून जाईना. कागदावरनं पण काढतात का. मग दुसरी एक प्रत केली. ज्या गोलाच्या पेपरांत जातीचा उल्लेख आहे त्या गोलाभोवती काळं कडं काढलं. रंग नाही, नुसतं कडं. आणि त्यात जे दिसलं ते आता मी शिकवते तेव्हा वर्गात पोरांना दाखवते. त्या सगळ्या पट्टीत कडं एकाच गोलाला होतं. दलित स्त्रिया. खानावळवालीची जात कुणी विचारली नव्हती, शिवणकामवालीची नाही, महिला कामगाराची नाही. रुग्णसेवेत, हॉस्पिटलातल्या आयांवरच्या पेपरांतही नाही. संशोधकांच्या लेखी जात होती ती फक्त आमच्या बायकांना. बाकीच्या नुसत्या बायका.

पहिल्या नकाशातला माझा निळाही दुसरं काय सांगत होता? जात म्हणजे आमचं खातं, बाकीच्यांची खाती निराळी. मीही तेच केलं होतं.

पुढच्या महिन्यात समितीसमोर उभी राहिले आणि करडा नकाशा पडद्यावर लावला. संख्याशास्त्राच्या सरांनी चष्मा वर केला.

"आज निवडणूक नाही वाटतं."

"नाही, सर. आज आचारसंहिता आहे."

गाईड बाईंनी हसू दाबत मान खाली घातली. सर हसले की नाही ते मला कळलं नाही. मी पट्टी दाखवली, ती कशी तपासली ते सांगितलं. सरांनी प्रश्नांवर प्रश्न विचारले. अमुक वर्षं काढली तर? शब्दांची व्याख्या कुणी ठरवली? एका पेपरमुळे दोन गोल उगाच जवळ आलेत का? प्रत्येकाची तयारी होती. एकाची नव्हती. तिथे मी म्हटलं, "हे बघितलेलं नाही, बघून सांगते." सरांनी ते लिहून घेतलं.

मग ते म्हणाले, "मागच्या वेळी जात एवढी मोठी होती, आज गायब?"

मी म्हटलं, "गायब नाही, सर. पुढच्या स्लाइडवर आहे."

कड्यांचा नकाशा आला. सर पुढे वाकले. त्यांनी स्वतःच बोटाने ती पट्टी हवेत मोजली आणि विचारलं, "एवढ्यात एकच?"

"एकच."

"बाकीचे पेपर वाचलेत तुम्ही?"

"सगळे."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "हे प्रकरण वेगळं करा. दुसऱ्यात कोंबू नका." मी शेजारी येऊन बसले तेव्हा गाईड बाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. म्हणजे झालं.

अहवाल मंजूर झाला. पुढे थिसिस लिहायला जो वेळ लागला त्याची कथा काही फार मोठी नाही. काउंटर, घर, आबांची औषधं, आणि लिहिणं. ते कड्यांचं प्रकरण आधी एका जर्नलमध्ये छापून आलं, आणि खानावळींवर लिहिणाऱ्या एका बाईंनी मला मेल केला की शिवणकामावरचे ते पेपर मला पाठवाल का. मी त्याच दिवशी पाठवले. पट्टीतल्या दोन गोलांमध्ये एक रेघ माझ्यामुळे पडली, हा आनंद दुसऱ्या कुणाला नीट समजावता येत नाही.

थिसिसचा व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, सगळ्यांना खुला असतो. आई पाळी बदलून घेऊन आली. आबा पांढरा शर्ट घालून दुसऱ्या रांगेत बसले आणि खोकला आला की रुमाल तोंडाशी धरून बाहेर जात, पुन्हा येऊन बसत. पडद्यावर करडा नकाशा आला तेव्हा आबा आईच्या कानाशी म्हणाले, "रंग गेला गो." हॉल लहान, सगळ्यांना ऐकू आलं.

आई म्हणाली, "गप बसा. ती बघा, ती मधली रुग्णसेवा, ती मी हाय."

कुणीतरी हसलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मागे वळून बघितलं आणि मला म्हणाले, "चालू द्या." मी चालू ठेवलं.

प्रश्न संपल्यावर आम्हाला बाहेर थांबवलं. आबा बाकावर बसले, आईने त्यांना पाणी दिलं. दार उघडलं, आत बोलावलं, आणि परीक्षकांनी पदवी देण्याची शिफारस वाचून दाखवली. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. आता पहिली पीएच.डी.सुद्धा मीच.